परक्या गावातला पंधरा ऑगस्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता 'माझे परदेशातील शिक्षण'. मी त्यांना म्हटले, बाई, माझे शिक्षण काँक्रीटच्या तुळयांचे. कोणत्या तुळईवर किती भार घालावा, एवढेच मी दोन वर्षे शिकले. ते ऐकवून मंडळाच्या वाढदिवशी तुम्हांला जांभया का द्यावयास लावू? तेव्हा आमचा तह झाला तो असा की दोन वर्षांतला एकच दिवस मी सांगावा, आणि फार तर त्याच्या मागचे-पुढचे चार दिवस. तो दिवस म्हणजे १५ ऑगस्ट १९८३. गाव जर्मनीतले श्टुटगार्ट.

आधी इथल्या पंधरा ऑगस्टविषयी दोन शब्द. आपण सगळ्याजणींनी तो दिवस लहानपणी कसा साजरा केला हे काही सांगावयास नको. आदल्या रात्री पांढरा गणवेश धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची, सकाळी पावसात तोच गणवेश भिजवायचा, आणि शेवटी हातावर पडणाऱ्या लिमलेटच्या दोन गोळ्यांवर डोळा ठेवून भाषण संपण्याची वाट बघायची. मी उंच होते म्हणून संचलनात झेंडा नेहमी माझ्या हाती. त्यामुळे झेंड्याविषयी आपल्याला सगळे माहीत आहे अशी माझी पक्की समजूत होती. झेंडा कोणी शिवला, दोरी कोणी बांधली, खांब कोणी रोवला, याचा विचार करण्याचे कारणच पडले नव्हते. शाळेचा शिपाई ते सगळे करीत असे.

श्टुटगार्ट हे गाव एखाद्या खोलगट परातीत मांडल्यासारखे आहे. चहूबाजूंना टेकड्या, टेकड्यांवर द्राक्षांचे मळे अगदी वस्तीपर्यंत उतरलेले, आणि खालून वर जावयास शेकडो दगडी पायऱ्या. रेल्वे स्टेशनच्या मनोऱ्यावर मोटारीच्या कंपनीची तीन पात्यांची चांदणी फिरत असे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून एकमेकींची भगिनीनगरे आहेत. आता दोघींत काय साम्य पाहिले कोण जाणे. मला तरी तिथली शांतता पाहून मुंबईची बहीण कधी वाटली नाही, सवत म्हणा हवी तर.

ऑगस्ट महिन्यात तिथल्या विद्यापीठांना सुट्टी असते. उन्हाळी सत्राची व्याख्याने जुलैत संपतात ती थेट ऑक्टोबरात पुढचे सत्र सुरू होईपर्यंत. जर्मन मुले घरी जातात, आणि वसतिगृहात उरतात ती परदेशी मुले. ती सुट्टीत कारखान्यांतून काम करून पुढच्या सहा महिन्यांची बेगमी करतात. मीही मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात भाग मोजून खोक्यांत भरण्याचे काम धरले होते. सकाळी सहा ते दुपारी दोन. तुळयांचा हिशेब करणारी मी, तिथे दिवसभर वायसर मोजीत असे.

शहरातल्या भारतीय मंडळींचा स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम असे, पण तो सोयीसाठी पुढच्या रविवारी. त्या वर्षी पंधरा ऑगस्ट सोमवारी आला होता, तेव्हा कार्यक्रम एकवीस तारखेला. त्यात त्यांची चूक नव्हती. परक्या देशात आपल्या सणाची सुट्टी कोण देणार? पण मला ते काही केल्या पटेना. संक्रांत रविवारी करीत नाहीत, मग पंधरा ऑगस्ट का करावा, असा वाद मी वसतिगृहातल्या आम्हा आठ भारतीय मुलांमुलींपुढे घातला. "मग तूच कर," असे त्यांनी म्हटले. भगिनींनो, सभेत सूचना मांडणाऱ्याच्या गळ्यात काम पडते हा नियम सगळ्या देशांत सारखाच आहे.

झेंडावंदन सकाळी करायचे म्हटले तर पंचाईत. झेंडा सूर्योदयानंतरच चढवायचा, आणि श्टुटगार्टला ऑगस्टच्या मध्यास सूर्य उगवतो सव्वासहाच्या सुमारास. आमची पाळी सहाची. म्हणजे सूर्याच्या आधी आम्ही कारखान्यात. अखेर संध्याकाळी पाच वाजता झेंडा चढवायचा आणि साडेआठच्या सुमारास सूर्य मावळण्याआधी उतरवायचा असे ठरले. तिथल्या पाच वाजता इथे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे आमचा झेंडा वर जाणार तेव्हा भारतातले सगळे झेंडे उतरून, घड्या होऊन, कपाटात गेलेले असणार.

वेळ ठरली, आणि मग ध्यानात आले की झेंडाच नाही.

विकत मिळाला असता कदाचित, पण पैसे मोजून घेण्याची कोणाची तयारी नव्हती, आणि मला शिवता येत होते. घरून निघताना आईने माझी ओटी भरली होती, त्यातला हिरवा खण माझ्या पेटीत तळाशी तसाच होता. तीच हिरवी पट्टी. केशरी कापडासाठी शहरातल्या मोठ्या बाजाररस्त्यावर गेले. जुलैच्या अखेरीस तिथे उन्हाळी मालाचा सेल लागतो, त्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या ढिगात नारिंगी पडद्याचे एक कापड मिळाले. केशरी म्हणण्याइतके केशरी नव्हते, पण दुरून चालले असते. पांढऱ्यासाठी माझी एक जुनी वॉयलची साडी फाडायची ठरवली.

इथे वर्ध्याकडचा एक मुलगा अडून बसला. त्याचे आजोबा आश्रमात राहिलेले. तो म्हणाला, "ताई, झेंडा खादीचाच हवा. हा झेंडा नव्हे, हा पडदा आहे." आम्ही त्याची थट्टा केली, पण नियम त्याच्या बाजूचा होता. त्या वेळी झेंडा हातकताई-हातविणीच्या कापडाचाच असावा लागे. यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे कापड चालते असा बदल झाला तो २०२१ च्या डिसेंबरात. आता तर २०२२ च्या जुलैपासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. आणि त्याआधीचे पाहिले तर, ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडून सामान्य माणसाला आपल्या घरावर झेंडा लावावयाची मोकळीक मिळाली तीच मुळी २६ जानेवारी २००२ पासून. हे सारे आज मी धडाधड सांगते आहे, पण त्या दिवशी मला यातले काही ठाऊक नव्हते. त्या मुलाला होते. तो उठून गेला, आम्हाला वाटले रागावला. तासाभराने आला तो हातात एक खादीचा पंचा घेऊन. आजोबांनी दिलेला, न वापरलेला. "मधली पट्टी तरी खरी असू दे," म्हणाला. माझी साडी वाचली.

तीन पट्ट्या जोडणे हे काम अर्ध्या तासाचे. खरे काम चक्राचे. ताटली उपडी ठेवून वर्तुळ काढले, कंपासपेटीतल्या कोनमापकाने पंधरा-पंधरा अंशांवर खुणा केल्या म्हणजे चोवीस आरे होतात, आणि गडद निळ्या दोऱ्याने साखळी टाका घालून एका रात्रीत चक्र पुरे केले. फार सुरेख दिसत होते. सकाळी सहज उलटे करून पाहिले तर मागे नुसता गुंता. गाठी, लोंबते दोरे, एका आऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारलेल्या. आणि झेंडा तर दोन्ही बाजूंनी दिसतो!

माझी आई बेळगावची. तिच्या हातची कसुती ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, तिचे भरतकाम पुढून आणि मागून एकसारखे. कोणीही काही भरून दाखवावयास आणले की ती आधी उलटे करून बघे, आणि मग काय ते बोले. शेजारणी तिला या एका गोष्टीसाठी भिऊन असत. लहानपणी मला तिने गवंती टाका शिकवला होता, एकदा धावदोरा घालीत जायचे आणि त्याच वाटेने मोकळ्या जागा भरीत परत यायचे, म्हणजे दोन्हीकडे सारखी रेघ उमटते. तेव्हा मी कंटाळून पळून जाई. त्या दिवशी कारखान्यातून येऊन सगळे चक्र उसवले आणि गवंती टाक्याने पुन्हा भरावयास घेतले. तीन रात्री लागल्या.

आता खांबाचा प्रश्न. आमच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहणारे एक गृहस्थ होते. अशा माणसाला तिथे हाउसमाइस्टर म्हणतात, म्हणजे रखवालदार, दुरुस्तीकार, माळी आणि शिस्तीचा दरोगा असे चौघे मिळून एक. वय साठीचे. त्यांचा नियम असा की खिडकीबाहेर काहीही लटकवायचे नाही, ओला टॉवेलसुद्धा नाही. मी त्यांच्याकडे परवानगी मागावयास गेले, की मागच्या हिरवळीवर संध्याकाळी साडेतीन तास एक झेंडा लावू द्या. ते कुंपण कापीत होते. कात्री न थांबवता त्यांनी विचारले, "झेंडा कशाला हवा?"

मी म्हटले, आमचा स्वातंत्र्यदिन आहे.

"तो असू दे. झेंडा कशाला हवा?"

मला उत्तर सुचेना. मग कात्री खाली ठेवून ते बोलले, ते साधारण असे. ते दहा वर्षांचे असल्यापासून त्यांना झेंड्यापुढे उभे करीत. उन्हात, बर्फात. झेंडा पुढे आणि मुले मागे. त्यांचे दोन भाऊ त्या झेंड्यामागून गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून काठीला बांधलेले कापड त्यांना बघवत नसे. "तू चांगली मुलगी आहेस," ते म्हणाले, "गोड काहीतरी करून खा. वाढदिवस तसाही होतो." परवानगी दिली नाही, नाहीही म्हणाले नाहीत. विचार करतो म्हणाले.

भगिनींनो, मी खोलीवर आले ती रडतच आले. अपमान झाला म्हणून नव्हे. संचलनात पुढे राहणारी मी, आणि मला एका साध्या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते.

चौदा तारखेला संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात लाहोरचा एक विद्यार्थी शेवयांचा वाडगा घेऊन आला. "आज आमचा, उद्या तुमचा," म्हणाला. बोलता बोलता हसून म्हणाला, "पण तुमच्या सव्वीस जानेवारीचा जन्म आमच्या गावचा, हे विसरू नका." खरेच होते ते. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला रावीच्या काठी काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळावयाचे ठरले. पुढे घटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली, तरी ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी दोन महिने थांबून हाच दिवस धरला, तो त्या आठवणीसाठी. आमच्या प्रजासत्ताकदिनाचे माहेर आता दुसऱ्या देशात आहे, हे मला पाकिस्तानच्या मुलाने सांगावे! शेवया मात्र फार छान होत्या.

त्याच स्वयंपाकघरात कोरियाची एक मुलगी राहत असे. माझ्याच मजल्यावरची, संगीत शिकणारी, अबोल. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर मी शिरा भाजावयास घेतला. रवा तिथे उत्तम मिळतो, आणि वेलदोडेही मिळतात, कारण नाताळच्या केकांत ते लोक वेलदोडा घालतात. तुपाच्या ऐवजी लोणी कढवून घेतले. ती शेजारच्या शेगडीवर भात करीत होती. आज कसला गोडाचा वास, असे तिने विचारले. मी सांगितले, तर ती चमचा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. "आज आमचाही," ती म्हणाली.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती पत्करली आणि कोरिया जपानच्या पस्तीस वर्षांच्या अमलातून सुटला. आमच्या आधी बरोबर दोन वर्षे, त्याच तारखेला. पण सुटला आणि लगोलग त्याचे दोन तुकडे झाले. तिच्या वडिलांचे गाव उत्तरेकडे राहिले होते. त्या गावाचे नाव तिला येत होते, पत्र पाठवावयाची सोय नव्हती. ती म्हणाली, "आमचे दोन झाले. तुमचे?" मी म्हटले, "आमचे दोन झाले होते. आता तीन आहेत."

टेबलाशी आमच्या वसतिगृहात उरलेला एकुलता एक जर्मन मुलगा पाव खात बसला होता. इतिहासाचा विद्यार्थी, कामगार चळवळीवर प्रबंध लिहीत होता. तो आमच्याकडे बघून म्हणाला, "मला विचारू नका. आमची सुट्टी सतरा जूनची. ती दुसऱ्या अर्ध्यातल्या फसलेल्या उठावाची." त्याचे म्हणणे खरे होते. १७ जून १९५३ ला पूर्व जर्मनीतले कामगार उठले, रशियन रणगाड्यांनी तो उठाव मोडला, आणि त्याची आठवण म्हणून पश्चिम जर्मनीने तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा केला. बहुतेक लोक त्या दिवशी सहलीला जात. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्यावर तो दिवस जाऊन ३ ऑक्टोबर आला. पण १९८३ मध्ये असे काही घडेल हे त्या टेबलाशी बसलेल्या कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

शिरा झाकून खाली आले तो हिरवळीवर एक काठी रोवलेली. हाउसमाइस्टर आपल्या भाजीच्या मळ्यातून घेवड्याच्या वेलाचा उंच दांडा घेऊन आले होते. एका बाजूला वेलाचे सुकलेले तंतू अजून चिकटलेले. वरच्या टोकाला त्यांनी खिळा ठोकून एक छोटी कप्पीही बसवली होती. स्वतः मात्र तिथे नव्हते.

बरोबर पाच वाजता झेंडा वर गेला. घडी करून आत फुले बांधण्याची आपली पद्धत मला येत नव्हती, म्हणून तो उघडाच चढवला. आम्ही आठजण, कोरियाची ती मुलगी, तो जर्मन विद्यार्थी, आणि जिन्याच्या दारात, बाहेर न येता उभा राहिलेला लाहोरचा मुलगा. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचे. आम्हाला दोन मिनिटे लागली. पंजाबी मुलाने सूर इतका वरचा लावला की शेवटी आमच्यापैकी निम्मे गप्प. मधल्या ओळीत नद्या आधी की पर्वत यावर दोन मते पडून तेवढा भाग दोनदा झाला. बंगाली मुलगा आमचे उच्चार ऐकून कळवळला असावा, पण गात राहिला. हसू येत होते आणि कोणी हसत नव्हते. वारा बेताचाच होता. माझे चक्र मागून पुढून दोन्हीकडे दिसत होते, आणि खरे सांगते, मी देशाकडे कमी आणि त्या चक्राकडे जास्त बघत होते.

कुंपणापलीकडे हाउसमाइस्टर पाण्याची नळी घेऊन उभे होते. गाणे संपेपर्यंत त्यांनी पाणी सोडले नाही. नंतर मी शिऱ्याची बशी नेऊन दिली, ती त्यांनी उभ्यानेच संपवली.

शिरा खाताना कोरियाच्या मुलीने विचारले, चाक का? मी शाळेत पाठ केलेले सांगितले: अशोकाचे, सारनाथच्या स्तंभावरचे, धर्माचे आणि गतीचे. मग ती म्हणाली, हा झेंडा पहिल्यांदा कोणी लावला? मी म्हटले, घटना समितीने २२ जुलै १९४७ ला स्वीकारला. तेव्हा तो इतिहासाचा विद्यार्थी चमचा खाली ठेवून म्हणाला, "पण तुमचा झेंडा या गावात त्याच्या चाळीस वर्षे आधी लागला आहे. बाईने लावला. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हते. म्हणजे मादाम कामा हे नाव माहीत होते, शालेय पुस्तकात एक चौकोनी चित्र होते. पण ते गाव हेच, हे कधी डोक्यात शिरले नव्हते. तिथे वर्षभर राहूनही नाही.

तो वर जाऊन आपल्या टिपणांची वही घेऊन आला. १९०७ च्या ऑगस्टात श्टुटगार्टला समाजवादी पक्षांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. २५ देशांतले ८०० हून अधिक प्रतिनिधी. लेनिन आलेले, रोझा लुक्सेम्बुर्ग आलेली. तिथे २२ ऑगस्टला भिकाजी कामा ही मुंबईची पारशी बाई बोलावयास उभी राहिली, इंग्रजांच्या अमलाखाली तिच्या देशाचे काय हाल चालले आहेत ते तिने सांगितले आणि हिंदुस्थानचा म्हणून एक झेंडा सभेपुढे उलगडला. हिरवा, पिवळा आणि तांबडा. वर कमळे, मधल्या पट्टीवर देवनागरीत 'वन्दे मातरम्', खाली चंद्र आणि सूर्य. ठराव काही मंजूर झाला नाही. झेंडा मात्र लोकांनी पाहिला.

या बाईविषयी मी पुढे शोधून शोधून वाचले, त्यातले थोडे सांगते, कारण आपले हे बायकांचे मंडळ आहे आणि तिची आठवण इथे निघाली नाही तर कुठे निघायची. तिचा जन्म १८६१ चा, मुंबईतल्या सुखवस्तू घरातला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ती रोग्यांची शुश्रूषा करावयास गेली आणि स्वतःच आजारी पडली. प्रकृतीसाठी म्हणून विलायतेस पाठवले, आणि तिथे ती दादाभाईंच्या आणि पुढे क्रांतिकारकांच्या कामात पडली. मग मायदेशाची वाट बंद झाली. तीस वर्षांहून अधिक काळ परदेशात, बहुतेक पॅरिसला. थकून, आजारी होऊन १९३५ च्या अखेरीस ती मुंबईस परतली, आणि १३ ऑगस्ट १९३६ रोजी गेली. पंधरा ऑगस्टच्या दोनच दिवस अलीकडची तारीख, पण अकरा वर्षे आधी. १९६२ च्या सव्वीस जानेवारीला सरकारने तिचे पोस्टाचे तिकीट काढले. ते माझ्या वडिलांच्या संग्रहात होते, आणि मी ते अनेकदा हाताळले होते!

पुढच्या सोमवारी, म्हणजे बावीस तारखेला, आम्ही तिघे पाळीनंतर ती जागा बघावयास गेलो. लीडरहाले म्हणतात त्या सभागृहाला. जुनी इमारत महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात गेली, १९५६ साली त्याच जागी नवी उभी राहिली. आता तिथे गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात. आम्ही दाराशी घुटमळत होतो तेव्हा आतल्या बाईंनी विचारले, तिकिटे आहेत का? नाहीत म्हटले. मग काय हवे आहे? कोरियाची मुलगी, जी महिन्यातून चार वाक्ये बोलायची, ती म्हणाली, "हिच्या गावची एक बाई इथे आली होती, छहात्तर वर्षांपूर्वी." त्या बाईंनी आम्हाला नीट निरखून पाहिले आणि उद्या सकाळी कचेरी उघडी असते तेव्हा चौकशी करा असे सांगितले.

परतल्यावर मी हाउसमाइस्टरना हे सगळे सांगितले. म्हटले, तुम्ही विचारले होते ना, झेंडा कशाला हवा? ही बाई तो घेऊन उभी राहिली तेव्हा त्या झेंड्याला ना राज्य होते, ना सैन्य, ना कचेरी. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाले, "तिच्याजवळ नव्हता, म्हणून हवा होता. ते समजते." आणि घेवड्याची काठी खांद्यावर टाकून मळ्याकडे गेले. त्यांचे मत बदलले असे मला वाटत नाही. पण सव्वीस जानेवारीला, गुडघाभर बर्फात, काठी पुन्हा तिथे होती.

त्याच रात्री मी घरी वडिलांना पत्र लिहिले. मोठ्या तोऱ्यात, की श्टुटगार्टला येऊन मी काय शोध लावला पाहा. तीन आठवड्यांनी उत्तर आले. वडिलांचे पत्र नेहमी चार ओळींचे. 'चि. बाळ, अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वाचून आनंद वाटला. तू म्हणतेस तो झेंडा इंदुलाल याज्ञिकांनी हिंदुस्थानात आणला व तो आपल्या केसरीवाड्यात आहे. तुझ्या शाळेच्या वाटेवर.'

भगिनींनो, नारायण पेठेतला केसरीवाडा! मानाचा पाचवा गणपती तिथला. दर भाद्रपदात आम्ही आत गेलो आहोत, प्रसाद घेतला आहे, अंगणात धावलो आहोत. आणि तो झेंडा बघावयास मी सात हजार किलोमीटरांचा वळसा घेतला होता.

१९८४ च्या पावसाळ्यानंतर मी परत आले. पेटी उघडताना आमचा झेंडा वर निघाला. आईने तो हातात घेतला. हिरव्या पट्टीवर बोट फिरवले आणि ती थबकली. "हा ओटीचा खण ना गं? कापलास?" तिचे डोळे भरले. ओटीतला खण असा कापावयाचा नसतो, आणि कापलाच तर त्याची चोळी व्हावी, असे तिच्या पिढीचे. मी गप्प. मागे वडील वर्तमानपत्रामागे गप्प. थोड्या वेळाने तिने, सवयीप्रमाणे, झेंडा उलटा केला. खिडकीपाशी नेऊन चक्राचा एकेक आरा पाहिला. "गवंती घातलीस होय," म्हणाली. आणखी थोड्या वेळाने, "तीन आऱ्यांत टाका लांब गेलाय. बाकी बरी आहे मागची बाजू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी केसरीवाड्यात गेलो. मादाम कामांचा झेंडा काचेआड होता, रंग विटलेले, अक्षरे मात्र वाचता येत होती. मी पाहत राहिले. आई चष्मा पुसून अगदी जवळ गेली, कडेने डोकावली, मग तिथे बसलेल्या गृहस्थांकडे वळून तिने विचारले,

"अहो, हे मागून बघायला मिळेल का?"

ते म्हणाले, "नाही हो बाई, काच बंद आहे."

"असू दे," आई म्हणाली, आणि पुन्हा काचेला नाक लावून उभी राहिली.